संशोधन की रकानेभरती?

पावसाळा ओसरून नद्यांचे पाणी उतरले की भामरागडचा रस्ता मोकळा होतो आणि हेमलकशाकडे अभ्याससहलींच्या गाड्या वळू लागतात. समाजकार्य, समाजशास्त्र, गृहअर्थशास्त्र अशा नाना शाखांचे विद्यार्थी त्यांतून उतरतात. लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना पाहून होतो, प्राण्यांच्या अनाथालयात छायाचित्रे निघतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या पाड्यावर प्रश्नावल्या भरल्या जातात. दुपारी गाडी परत फिरते. मार्च महिन्यात त्या प्रश्नावल्यांतून एक प्रबंध उभा राहतो. त्याला गृहीतकृत्य असते, तक्ते असतात, निष्कर्ष असतात आणि शासनाला शिफारशीही असतात!

यात विद्यार्थ्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याला हेच शिकवले गेले आहे. ‘सामाजिक संशोधन पद्धती’ हा विषय आपल्या महाविद्यालयांत व्याख्या पाठ करण्याचा विषय झाला आहे. नमुना निवडीचे प्रकार सांगा, प्रश्नावली व मुलाखत अनुसूची यांतील फरक स्पष्ट करा, सहभागी निरीक्षणाचे गुणदोष लिहा. पोहण्याचे नियम पाठ करवून पोराला पर्लकोटेच्या पुरात सोडावे, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे बुडतो तो विद्यार्थी नव्हे. बुडते ते ज्याच्याविषयी लिहिले गेले त्याचे सत्य.

त्या प्रश्नावलीतील एक रकाना ‘मासिक उत्पन्न’ असा असतो. ज्याच्या घरात मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल येते, मे महिन्यात तेंदूपत्त्याचे पैसे शेकडा पुड्यांच्या भावाने हाती पडतात, पुढे धान पिकते आणि मधले कित्येक आठवडे कंदमुळे, मासोळी व उसनवारीवर निघतात, त्या माडियाने महिन्याचा कोणता आकडा सांगावा? तो गप्प राहतो. मग बरोबर आलेला आश्रमशाळेतला मुलगा पाहुण्यांना बरे वाटावे म्हणून एक आकडा सांगून टाकतो. तो तक्त्यात जातो, त्याची सरासरी निघते आणि सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत काढली की तिला शास्त्राची प्रतिष्ठा येते.

‘व्यसन आहे काय? होय/नाही’ हा आणखी एक रकाना. मोहाची दारू देवाला वाहिली जाते, जन्माला लागते, मरणालाही लागते. तिचा घोट न घेणारे घर विरळा. म्हणजे उत्तर ‘होय’. नवसाचा घोट आणि घर बुडवणारी दारू एकाच खुणेत जमा झाली आणि एक आख्खी जमात व्यसनी ठरली. दारूने होणारी नासाडी खरी आहे, ती मोजलीही पाहिजे. पण या प्रश्नाने ती मोजली जात नाही, झाकली जाते.

वयाचेही तेच. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या म्हातारीला ‘वय किती’ असे विचारणारा उत्तर ऐकत नसतो, स्वतःच अंदाज लिहीत असतो. यावर साधा उपाय आहे. गावाला आठवणाऱ्या घटनांचे कोष्टक आधी करावे: बाबा आमटे माणसे घेऊन येथे आले ते १९७३, शाळा निघाली ते १९७६, भामरागडला पुन्हापुन्हा पुराचा वेढा पडला ते २०१९, आणि मग विचारावे, तेव्हा तू केवढी होतीस? थोरला पोरगा चालत होता की पाठीवर होता? पद्धतीच्या पुस्तकात हा उपाय असतो. वर्गात तो करून घेतला जात नाही, कारण त्याला एक दिवस पुरत नाही.

मुळात अडचण भाषेची. माडिया ही द्राविडी कुळातली भाषा. मराठी ही तेथील पोरांची शाळेत आल्यावर शिकायची भाषा. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी ती भाषा माणसांत बसून शिकून घेतली. दुखते कोठे, हे विचारण्यासाठी डॉक्टरला जे करावे लागले ते ‘जगता कसे’ हे विचारणाऱ्या संशोधकाला टाळता येईल, असे मानणे हा निव्वळ आळस आहे.

भाषा येत नाही म्हणून मग ग्रंथालयाचा आश्रय घेतला जातो. व्हेरिअर एल्विन यांचा मुरियांच्या घोटुलावरील गाजलेला ग्रंथ १९४७ चा. तो बस्तरच्या मुरियांविषयी आहे. बस्तरमधल्याच पहाडी मारियांच्या गोटुलात मुली रात्रीच्या मुक्कामाला नसतात, हा भेद त्याआधी १९३८ मध्ये ग्रिग्सन यांच्या ग्रंथात आलेला होता. तरीही तरुण-तरुणींच्या मुक्त सहवासाचे ते मुरिया चित्र उचलून भामरागडच्या माडियांच्या गळ्यात बांधले जाते. एल्विन निदान त्या लोकांत वर्षानुवर्षे राहिले होते. त्यांची उसनवारी करणाऱ्यांनी बसचे तिकीटही नीट काढलेले नसते. गोटुल ही गावाची बैठकीची आणि पाहुण्याला उतरवण्याची जागा, हे त्याच पाड्यावर तासभर बसले असते तरी कळले असते.

रकाना माणसाला कसा घडवतो, याचे सर्वांत मोठे उदाहरण इंग्रजांची जनगणना. १९०१ ते १९२१ या तीन गणनांत वनवासींना ‘प्राणवादी’ या सदरात घातले गेले, १९३१ मध्ये ‘आदिम धर्म’ असे नाव आले. वनवासी तोच, त्याचे देव तेच. साहेबाच्या कागदावरील मथळा बदलला. मुंबई विद्यापीठातील डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये पुस्तक लिहून या वर्गवारीलाच हात घातला. मात्र हा धडा दुसऱ्यांपुरता नाही. सेवाकार्यासाठी जंगलात जाणारा आपला कार्यकर्ताही निष्कर्ष खिशात घेऊन सर्वेक्षणाला निघाला, तर त्याने मागितलेलेच उत्तर त्याला मिळेल. माडियाला पाहुण्याचे मन मोडवत नाही.

खरे संशोधन अशक्य आहे असे मात्र कोणी म्हणू नये, कारण ते याच जिल्ह्यात, हेमलकशाच्या उत्तरेला, गडचिरोलीजवळ झाले आहे. डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे निघाले. हे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. यांपैकी पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. म्हणजे दवाखान्याच्या नोंदवह्या घेऊन बसणाऱ्याला हे दुःख कधीच दिसले नसते. बालकांच्या न्यूमोनियाचा प्रश्न आला तेव्हा बंग दांपत्याने निरक्षर दाईसाठी मण्यांची चौकट आणि मिनिटभराचे वाळूचे घड्याळ केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यावर बोट आले तर धोका. मोजणाऱ्या बाईला मोठे आकडे येत नाहीत, म्हणून बाईला अपात्र ठरवले नाही. मोजमापच तिच्या हाताजोगे केले. संशोधन पद्धतीच्या पहिल्या तासाला वर्गात फळ्यावर व्याख्या लिहिण्याऐवजी ही चौकट का ठेवली जात नाही?

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने तर अभ्यास गावकऱ्यांच्याच हाती दिला. तेथे अभ्यासगट बसतात, बाहेरचा जाणकार येतो तो चर्चेला, निर्णय ग्रामसभेचा. २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, त्यामागे आपल्या जंगलाचा असा स्वतः केलेला अभ्यास होता.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २०११ पासून स्वतंत्र गोंडवाना विद्यापीठ आहे. तेथे आणि नागपुरातही एवढे तरी व्हावे: पाड्यावर महिनाभर राहिल्याखेरीज आणि माडियात शंभर वाक्ये बोलता आल्याखेरीज क्षेत्रकार्याचे गुण देऊ नयेत, प्रश्नावली आधी चार घरांत चाचपून, मोडून, पुन्हा लिहिल्याचा पुरावा मागावा, आणि प्रबंधाचा सारांश त्या गावाच्या गोटुलात वाचून दाखवल्याशिवाय पदवी देऊ नये. हेमलकशाच्या शाळेत शिकलेली माडिया मुले आज डॉक्टर, वकील, शिक्षक झाली आहेत. त्यांच्या आजीविषयी कोणी काय लिहिले, ते त्यांना आता वाचता येते.