बेडूक, मरळ आणि इंग्रजी आठ

अप्रेझल आटोपलं की आमच्या ऑफिसात दोन गट पडतात. एक गोव्याचं बुकिंग बघतो, दुसरा महाबळेश्वरचं. मी गपचूप रिळाला तेल घालत बसतो. आपला प्लॅन ठरलेला. पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडायची, सकाळी बुलढाण्यात चहा घ्यायचा, राजूर घाट उतरून मोताळ्याकडे आणि पुढे नळगंगा धरण. आमच्या जिल्ह्यात जग दोनच भागांत विभागलेलं आहे, घाटावरचं आणि घाटाखालचं. मासे मात्र दोन्हीकडे सारखेच बेरकी!

मासेमारी म्हणजे गांडूळ लावा, गळ टाका आणि डुलक्या काढा, असं वाटत असेल तर मंडळी, एकदा मरळीच्या मागे लागून बघा. ही बाई कुणाच्या मागे धावत नाही. काठच्या गवतात, शेवाळाखाली दबा धरून बसते आणि बेडूक, मासोळी जे टप्प्यात येईल ते एका झटक्यात गट्टम. श्वास घ्यायला अधूनमधून वर येते, तेव्हा पाण्यावर एक 'गुळुक' होतं. तो आवाज ऐकला की माझी अवस्था बॉसचा मिस कॉल बघितल्यासारखी होते.

२०२३ साली आपल्या सरकारने रुपेरी पापलेटला राज्य मासा केलं. ठीक आहे, समुद्रवाल्यांची वट मोठी. शेजारच्या तेलंगणाने मात्र हा मान मरळीला दिलाय. विदर्भात मतदान घेतलं असतं तर पापलेटचं डिपॉझिट जप्त झालं असतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

तर येत्या सीझनचा फंडा. पहिली गोष्ट, रबरी बेडूक. याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून असतात, त्यामुळे तो गवतावरून उड्या मारत येतो, पण अडकत नाही. मरळ झडप घालते तेव्हा पाणी फुटल्यासारखा आवाज होतो आणि नवखा माणूस दचकून लगेच रॉड ओढतो. बेडूक तोंडातून बाहेर, मरळ पसार. मनात 'एक, दोन' म्हणायचं, दोरी ताणली की मग हिसका. हे 'एक, दोन' म्हणायला शिकण्यात माझा अख्खा मागचा सीझन गेला.

दुसरी गोष्ट थेट अमेरिकेतून आलीय. तिकडे मस्की नावाचा असाच दबा धरणारा मासा असतो, विस्कॉन्सिनचा राज्य मासा. त्याला म्हणतात 'दहा हजार फेकींचा मासा', म्हणजे तेवढ्यांदा गळ फेका, मग एक लागेल. तो आमिषाच्या मागे मागे बोटीपर्यंत येतो आणि ऐनवेळी तोंड फिरवतो. म्हणून तिकडची मंडळी आमिष वर उचलत नाहीत. रॉडचं टोक पाण्यात बुडवून बोटीच्या कडेला इंग्रजी आठ काढत राहतात. (मराठी आठ काढून चालत नाही, आपला ८ मध्येच सुटतो.) मरळसुद्धा कधीकधी काठापर्यंत पिच्छा करते, मग हे इथे का चालू नये?

एप्रिलमध्ये करून बघितलं. बकऱ्या चारणारा एक पोरगा बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "दादा, पिठलं घोटून राह्यले का?" सतराव्या की अठराव्या फेकीला खरंच एक काळी सावली मागे आली, पहिल्या वळणाला फिरली, दुसऱ्यालाही फिरली. मी उत्साहाच्या भरात रॉड वर घेतला आणि खेळ खल्लास. पण ती फिरली होती, हे मी शपथेवर सांगतो.

तिसरी गोष्ट तंत्राची नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. मागच्या पावसाळ्यात काठाशी पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका दिसला. मरळीची शेकडो पिल्लं एकत्र वर येतात, हवा घेतात, खाली जातात. आईबाप खालीच पहाऱ्यावर असतात. अशा पुंजक्यात बेडूक टाकला तर मरळ भुकेने नाही, रागाने अंगावर येते. हमखास. मीही टाकला. तिसऱ्या फेकीला दोन किलोची मरळ, सॉलिड फोटो, ऑफिसच्या ग्रुपवर धडाधड अंगठे.

धरणातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे असतो, त्यामुळे मी तिथल्या एका काकांना विचारूनच गळ टाकतो. ते जाळं झटकत होते. म्हणाले, "मी त पोटासाठी मारतो बाबू. तू काहाले मारतं?" उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी गेलो. पुंजका अर्धाही उरला नव्हता आणि त्याच्याभोवती बारीक मासे पाणी उडवत होते.

हे लिहिणं सोपं आहे, पाळणं जड जाणार. पुणे ते मोताळा रात्रभराचा प्रवास करून दोन दिवस रिकाम्या हाताने बसायचं आणि समोर लाल पुंजका तरंगतोय! तरी ठरवलंय, पावसाळ्यात तो काठ सोडायचा. पुंजका दिसला की जागा बदलायची. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकायचा, म्हणजे मरळ लवकर सुटते आणि तिला परत सोडता येते. खरा खेळ दसऱ्यानंतर, पाणी निवळल्यावर.

काकांना फोनवर हे सांगितलं. ते बराच वेळ हसले. "सोडून देशीन? मंग मले देजो ना, मलकापूरच्या बाजारात मरळीचा भाव माहीत हाय का तुले?"

यावरही उत्तर सुचलेलं नाही. दसऱ्याच्या आधीच्या शुक्रवारची रजा मात्र टाकून ठेवलीय.