फॉर्म भरून घेतला, पुढे काय?

मागच्या वर्षी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लिंक आली. मानसिक आरोग्य आणि व्यसन तपासणी, संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी भरायचीच. मी लासुर्ण्याचा. बारामती-इंदापूर रस्त्यावरचं गाव, चहूबाजूंनी ऊस, कॉलेजला एसटीनं जाणं-येणं. तो फॉर्म आम्ही परतीच्या एसटीत मागच्या सीटवर बसून भरला. सुरुवातीलाच नाव, रोल नंबर आणि पालकांचा मोबाइल नंबर. ते बघून एकजण म्हणाला, "सगळीकडं 'कधीच नाही' मारा रे." आम्ही मारलं.

एकानं मात्र खरं लिहिलं. तिसऱ्या दिवशी शिपाई वर्गात आला आणि त्याचं नाव मोठ्यानं वाचलं. ऑफिसात त्याचे वडील बसले होते, उसाचं पाणी अर्धवट सोडून आलेले. 'मुलाकडे लक्ष द्या' एवढं सांगून त्यांची सही घेतली. घरी काय झालं ते त्यानं सांगितलं नाही. आता तो कुणालाच काही सांगत नाही.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे: ज्या कॉलेजात ऐकून घेणारा माणूस नाही, तिथं असा फॉर्म भरून घेणं बंद करा. ही तपासणी नाही. हे फायलीत लावायचं कागद गोळा करणं आहे आणि त्यात खरं बोलणाऱ्याचाच बळी जातो.

माझं भांडण फॉर्मशी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यातले 1,764 महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. 'खेड्यातल्या पोरांना कसलं डिप्रेशन' म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा वाचावा. विचारायला तर हवंच. 'पीएचक्यू-9' ही प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ साधे प्रश्न विचारते: झोप, भूक, थकवा, मन लागणं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. जिवावरचा प्रश्न आहे तो. त्याला कुणी 'हो' म्हटलं, तर त्याच दिवशी, बंद खोलीत, शांतपणे बोलणारं कुणीतरी हवं. वर्गात नावाचा पुकारा नको.

दारूच्या प्रश्नावलीची तर वेगळीच गंमत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'ऑडिट'मध्ये दहा प्रश्न असतात, गुण 0 ते 40. 8 किंवा जास्त आले तर काळजीचं. त्यात 'ड्रिंक' म्हणजे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आमच्याकडं या मापानं कोण पितं? आमच्याकडं माप आहे क्वार्टर. 180 मिली, 42.8 टक्के. हिशेब केला तर एका क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे सहा ड्रिंक!

आता दर शनिवारी ढाब्यामागं एक क्वार्टर मारणारा पोरगा घ्या. फॉर्म विचारतो, एका वेळी किती? तो प्रामाणिकपणे लिहितो, 'एक'. पहिल्या तीन प्रश्नांत त्याला मिळतात 2 गुण. खरा हिशेब लावला तर 7. पुढच्या सात प्रश्नांत एक गुण मिळाला की तो धोक्याच्या रेषेवर. म्हणजे पोरगा खोटं बोलला नाही, तरी फॉर्म खोटा निघाला. शब्द मराठीत आणले, माप आणायचं राहिलं.

आणि खरं बोलायचं तरी कसं? महाराष्ट्रात कडक दारूच्या परवान्यासाठी वय लागतं 25. एकोणीस वर्षांच्या पोरानं नावानिशी 'पितो' लिहिणं म्हणजे स्वतःच्या हातानं कबुलीजबाब देणं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिलाय. पण ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर उघडी पडलेली एक्सेल शीट कोण कोण बघतं, हे आम्हाला कुणीच सांगत नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं: "खेड्यात मानसोपचारतज्ज्ञ आणायचा कुठून?" त्यांनी जरा गोव्याकडं बघावं. तिथं 'संगाथ' संस्थेनं मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या साध्या माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं आणि 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी बोलायला बसवलं. जास्तीत जास्त चार भेटी. तीन महिन्यांनी त्यांच्यातले 36 टक्के धोक्याच्या रेषेखाली आले होते. ज्यांना या भेटी मिळाल्या नाहीत त्यांच्यात हे प्रमाण 26 टक्के. हा अभ्यास 2017 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलाय. ती कॉलेजची पोरं नव्हती आणि हा काही चमत्कारही नाही. पण डॉक्टर नाही म्हणून काहीच करता येत नाही, ही सबब त्यानं संपते.

शिवाय ही आता कुणाच्या मर्जीची गोष्ट राहिलेली नाही. 25 जुलै 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमलाच पाहिजे. शंभर पोरं तर आमच्या एका एसटीच्या दोन फेऱ्यांत भरतात.

तेव्हा पुढची लिंक आली की भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. हे कोण वाचणार? घरी कळवणार का? आणि मी 'हो' लिहिलं तर माझ्याशी कोण, कधी बोलणार? उत्तर मिळालं तर खरं लिहा, अगदी क्वार्टरच्या हिशेबासकट. नाही मिळालं तर वर्गानं मिळून प्राचार्यांना लेखी विचारा.

तोवर 14416 हा नंबर सेव्ह करून ठेवा. 'टेलिमानस' ही सरकारची मोफत सेवा, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, मराठीत बोलता येतं. मी तो त्या मित्राला पाठवलाय. निळ्या टिक दिसतात, उत्तर नाही. उद्या एसटीत त्याच्या शेजारी जाऊन बसणार आहे. फॉर्मनं जे केलं नाही, ते निदान आपण करू.