आधी मजुरी, मग नफा

सोलापुरात श्रीमंती कशी वाढते हे पाहायचं असेल तर बंगले मोजू नका. ‘पुढच्या आठवड्यात या’ हे वाक्य दिवसभरात किती दारांत ऐकू येतं, ते मोजा. यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगाराला हेच ऐकवतात, ऊस घालून महिने उलटलेल्या शेतकऱ्याला हेच ऐकवतात. टॉवेल विणून पाठवणारा छोटा कारखानदार बिलाची आठवण करायला फोन करतो, तेव्हा बाहेरगावचा मोठा व्यापारी त्यालाही हेच सांगतो. दुसऱ्याचे पैसे अडकवायचे, त्यावर आपला धंदा फिरवायचा आणि वर्षाअखेरीस जे उरेल त्याला नफा म्हणायचं, अशी रीत पडली आहे. आम्ही त्याला नफा म्हणायला तयार नाही. ते दुसऱ्याचं देणं आहे. ही चळवळ आम्ही त्यासाठीच सुरू करत आहोत.

आम्ही म्हणजे बिड्या वळणाऱ्या बाया, मिल कामगारांची मुलं, माग चालवणारे, माग बाळगणारे, काही शिक्षक आणि स्वतःच्या हिशेबाच्या वहीची स्वतःलाच लाज वाटली म्हणून आलेले दोन-तीन व्यापारीही.

आमच्यातली एक अक्का पूर्व भागात राहते. लग्न होऊन आली तेव्हापासून बिड्या वळते. रात्री भिजवलेली तेंदूची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, मऊ पडली की पत्र्याच्या मापावर धरून कात्रीने कापायची. मग तंबाखूची चिमूट, बोटांतलं वळण, दोऱ्याचे फेरे, आणि टोक नखाने आत दुमडायचं. मांडीवरच्या सुपात हजार बिड्या भरायला अख्खा दिवस जातो. त्या घेऊन ती कारखान्यात जाते तेव्हा तपासणारा त्यातल्या मूठभर उचलून बाजूला टाकतो. छाट. छाट बिडीची मजुरी मिळत नाही, आणि ती बिडी परतही मिळत नाही. पानं कमी पडली तर पदरच्या पैशांनी बाजारातून आणायची. ‘माझी बिडी खराब आहे, तर मला परत द्या की,’ असं अक्का म्हणते. तिच्या या प्रश्नाचं उत्तर तिला आजवर कुणी दिलेलं नाही. लोभ म्हणजे काय, हे आम्हाला या एका प्रश्नाने जेवढं समजलं तेवढं कुठल्याही पुस्तकाने समजलं नव्हतं.

या शहराला हे नवं नाही. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, तिच्यामागून आणखी मिल आल्या, आणि भोंग्यावर घड्याळ लावणारं गाव तयार झालं. तेलंगणातून विणकर आले, विजापूर-कलबुर्गीकडून माणसं आली, एका चाळीत चार भाषा बोलल्या जाऊ लागल्या. पुढे मिल एकेक करून बंद पडल्या. जुनी यंत्रं, मागांची स्पर्धा, सरकारी धोरणं अशी कारणं पुष्कळ होती, त्या वादात आम्ही इथे शिरत नाही. पण यंत्रं भंगारात गेली आणि जमिनीला भाव आला, हे सगळ्या गावाने पाहिलं. आमच्यापैकी काहींच्या वडिलांनी हिशेबाचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. पिशवी अजून घरात आहे, वडील नाहीत.

कायदा नाही म्हणून हे होतं असं कुणी म्हणू नये. १९३६च्या वेतन कायद्याने हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्यात पगाराला सात तारखेची मुदत घातली. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. १९७२च्या कायद्यात उपदान (ग्रॅच्युइटी) द्यायला ३० दिवस होते. २००६च्या कायद्याने लघुउद्योजकाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायला सांगितलं. सगळ्या कायद्यांचं म्हणणं एकच: ज्याचं आहे त्याला वेळेवर द्या. आणि सगळ्या कायद्यांना बगल देण्याची युक्तीही एकच: गरजू माणूस भांडायला येत नाही, कारण उद्या त्याला याच दारात काम मागायचं असतं. माणसाच्या गरजेवर असं भांडवल उभं करणाऱ्याला आपण हुशार म्हणतो. खरा बिघाड इथे आहे.

हुशारीची ही व्याख्या वरून खाली झिरपत आली आहे. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं आठवड्याला ९० तास कामाचं, रविवारीही कामाला बोलावण्याचं बोलणं देशभर गाजलं. त्यांचं त्याआधीच्या आर्थिक वर्षाचं वेतन कंपनीतल्या मध्यम पगाराच्या ५०० पटींहून अधिक होतं. हे आपल्याला कळलं, कारण २०१३च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला हे प्रमाण छापावं लागतं. जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे ४० टक्के संपत्ती होती. संपत्ती कर मात्र २०१५च्या अर्थसंकल्पातच रद्द झाला होता. ज्याच्याकडे एवढं आहे त्याला कुणी ‘पुरे’ म्हणत नाही, आणि अक्काला मात्र हजार बिड्यांतली प्रत्येक बिडी मोजून द्यावी लागते.

आम्ही धंद्याचे वैरी नाही. वालचंद हिराचंद याच गावात १८८२ साली जन्मले. इंग्रजी कंपन्यांच्या नाकावर टिच्चून त्यांनी जहाजं चालवली, विमानाचा कारखाना उभा केला. अशी जिद्द आम्हाला हवीच आहे. आम्हाला नको आहे ती दुसऱ्याचं देणं बुडवून केलेली वाढ.

आणि आमचा विचार बाहेरून आणलेला नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन तळं खोदलं, गड्ड्याच्या जत्रेला आपण अजून त्याच तळ्याकाठी जमतो. त्यांच्याच परंपरेतल्या शरणांनी दोन शब्द दिले, कायक आणि दासोह. कायक म्हणजे प्रामाणिक कष्ट, आणि दासोह म्हणजे गरजेपुरतं ठेवून उरलेलं समाजाच्या पंगतीत वाढणं. दासोह दान नव्हे. दान देणारा वरचढ होतो, दासोहात देणारा आणि घेणारा एकाच पंगतीला बसतात. मजुरी थकवून अन्नछत्र घालणाऱ्याला त्या पंगतीत जागा नाही. याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्यात गावकुसाचं बांधकाम कोसळून चोखोबा इतर मजुरांसोबत गाडले गेले, १३३८ साली. आपल्या संताचं मरण हे मजुराचं मरण होतं, ही गोष्ट वारीला जाणाऱ्या प्रत्येक मालकाने मनात ठेवावी.

म्हणून आमची मागणी अशी. प्रत्येक कारखान्याच्या दारावर मजुरीचा दर, मजुरीची तारीख आणि थकलेली रक्कम मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत लिहिलेली असावी. मालकाने घरखर्चाला पैसे उचलायचे ते कामगाराचे दिल्यावर. छाट बिडी वळणारीच्या हातात परत मिळावी. सगळ्यांत वरच्या आणि सगळ्यांत खालच्या पगारात दहा पटींहून जास्त अंतर नसावं. दहाच का, असं विचारतात. आम्ही आकड्यावर अडून बसणार नाही, वीस म्हणा, पण कुठेतरी रेघ ओढा आणि ती लोकांना दिसू द्या.

कोर्टकचेरीला आमच्याकडे पैसा नाही. आमच्या हातात मान आहे, तो द्यायचा की नाही हे आम्ही ठरवू शकतो. ज्याच्याकडे मजुरी थकली आहे त्याची वर्गणी जयंतीच्या, गणपतीच्या मंडळाने घेऊ नये. त्याला शाळेच्या गॅदरिंगला पाहुणा म्हणून बोलावू नये, चौकात त्याचा डिजिटल फलक लावू नये, व्यासपीठावर शाल-श्रीफळ देऊ नये. आपण टाळ्या वाजवतो म्हणून लोभाला प्रतिष्ठा मिळते. त्या टाळ्या आजपासून बंद.

हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी कुंभारीला जाऊन यावं. बिडी कामगार, यंत्रमाग कामगार घरांसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिले, आणि १९ जानेवारी २०२४ रोजी तिथल्या रे नगरातल्या १५ हजार घरांचा ताबा त्यांना मिळाला. नेटाने मागितलं तर मिळतं, हे याच गावाने दाखवलं आहे.

पण सुरुवात आमच्यापासून होईल. आमच्याही घरी भांडी घासायला मावशी येतात, त्यांचा पगार आम्हीही ‘दोन दिवसांनी’ म्हणून पुढे ढकलला आहे. आमच्याही लग्नांत कर्ज काढून मांडव घातला गेला आणि आचाऱ्याचे पैसे महिनाभर राहिले. ज्याची स्वतःची वही कोरी नाही त्याने या जाहीरनाम्यावर सही करू नये. याच गावचे हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले. त्या चौघांच्या पुतळ्यांसमोर आम्ही सह्या घेणार आहोत, आणि तिथे खोटं लिहवणार नाही.

तेव्हा सोलापूरकरहो, येत्या सात तारखेला सकाळी वही उघडा. कामवाल्या मावशी, मागावरचा पोरगा, दूधवाला, शिंपी, वॉचमन, ज्याचं ज्याचं राहिलं असेल त्याचं नाव आणि रक्कम एका कागदावर लिहा. संध्याकाळच्या आत त्यांच्या दारात जाऊन पैसे देऊन या. त्यांना तुमच्या दारात बोलावू नका.