हामटाच्या पलीकडे

जून उजाडला की पुण्या-मुंबईहून मोठमोठ्या सॅका मनालीकडे निघतात. त्यातल्या कितीतरी हामटा खिंडीसाठी. उंची ४२७० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीच पटींहून जास्त. परत आलेल्या मंडळींचे फोटो पाहावेत, तर सगळे खिंडीच्या माथ्यावरचे. हातात तिरंगा, नाहीतर भगवा, आणि चेहऱ्यावर शिखर सर केल्याचा आनंद. मला हे नेहमी खटकतं. खिंड ही पार करायची वाट असते. निदान घाटवाटा तुडवलेल्या माणसाला तरी हे सांगावं लागू नये. नाणेघाट चढून कुणी ‘नाणेघाट जिंकला’ म्हणतं का?

हामटाही तशीच वापरातली वाट. कांगडा-चंब्याकडचे गद्दी मेंढपाळ उन्हाळ्यात कळप घेऊन लाहौलच्या कुरणांकडे जातात, थंडीआधी उतरतात. अंगात लोकरीचा चोला, कमरेला काळ्या लोकरीचा डोरा, मागेपुढे दांडगे कुत्रे. आपण मात्र महागडे बूट घालून त्यांच्या मेंढ्यांच्या मागून धापा टाकत चालतो.

मनालीहून गाडीने जोबरा, तिथून चिका आणि बालू का घेरा. इथवर देवदार, भूर्ज, रानफुलं, ओल्या मातीचा वास. पुढे चढ, बर्फ आणि माथा. माथ्यावर फार वेळ थांबू देत नाहीत, दुपारनंतर हवा फिरते. आणि मग ती उतरण. लीडर टाचेने बर्फात पायऱ्या पाडत जातो आणि आपण त्याच्या पावलावर पाऊल ठेवत जायचं. शिया गोरूला पोचलो की हिरवा रंग जवळपास संपलेला असतो. तपकिरी, राखाडी, जांभळट उघडे डोंगर. पीर पंजालच्या रांगेने पावसाचे ढग कुलूच्या बाजूलाच अडवलेले असतात, पलीकडे लाहौलला थोडकंच उरतं. सह्याद्री कोकण भिजवून माणदेशाला कोरडं ठेवतो, तोच हा हिशेब. फक्त इथे तो एका दिवसाच्या चालीत पायांना कळतो. शिया गोरूचा ओढा सकाळी लवकर ओलांडतात, कारण ऊन चढलं की वरचं बर्फ वितळून पाणी वाढतं. त्या पाण्याने पिंढऱ्या बधिर होतात. पुढे छत्रूला चंद्रा नदी भेटते. माथ्यावर फोटो काढून ‘ट्रेक झाला’ म्हणणाऱ्याचा निम्मा हामटा बाकीच असतो.

अटल बोगद्याने २०२० पासून मनालीहून लाहौलला गाडीने थोड्याच वेळात जाता येतं. तरीही पायी जायचं, तर ते सावकाश जाण्यासाठीच. इथेच आपलं सह्याद्रीचं वळण आड येतं. आपल्याकडे कौतुक वेगाचं: अमुक किल्ला किती मिनिटांत, तमुक घाट किती तासांत. चार हजार मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असतो, आणि शरीराला त्याची सवय व्हायला दिवसच लागतात. पायांत ताकद किती, याला तिथे विचारतो कोण? विरळ हवेचा त्रास तरण्याताठ्या पळणाऱ्यालाही होतो, उलट तोच लपवून ठेवतो. ग्रुपसमोर मागे पडायची लाज, दुसरं काय!

तेव्हा यंदा जाणार असाल, तर दिवस वाचवणारा नव्हे, दिवस वाढवणारा कार्यक्रम निवडा. मनालीत एक रात्र जास्त काढा. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण जात नाही, असं झालं तर तंबूत पडून राहू नका, लीडरला सांगा. त्रास वाढत असेल तर त्यावर पहिला उपाय खाली उतरणं हाच आहे. गोळी घेऊन वर चढत राहणं नव्हे.