यु-डायसमधला 'शून्य' काय सांगतो?



यु-डायस प्लसची माहिती भरायची वेळ आली की शाळेत दुसरा विषयच नसतो. आधार जुळलं का, कुणाचं नाव दोनदा आलं, कुणाचा दाखला अजून जुन्या शाळेतून सुटला नाही. या धावपळीत एक रकाना सगळ्यात पटकन भरून होतो, तो म्हणजे विशेष गरजा असणारी मुलं. बऱ्याच शाळांत तिथे सरळ 'नाही' निवडतात आणि पुढे जातात. माझं मत असं की अख्ख्या फॉर्ममध्ये याच आकड्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं. तिथे शून्य आला तर निश्चिंत होऊ नये, तिथूनच चौकशी सुरू करावी.

एका आकड्यावर काय काय अवलंबून असतं?

समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असणाऱ्या प्रत्येक मुलामागे वर्षाला 3500 रुपयांपर्यंत तरतूद करता येते. त्यातूनच मुलींना दरमहा 200 रुपये प्रोत्साहन भत्ता मिळतो. मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, श्रवणयंत्र, मोठ्या अक्षरांची किंवा ब्रेलमधली पुस्तकं, हे सगळं मुलांच्या नोंदीवर ठरतं. तालुक्यात 100 मुलं नोंदीतून सुटली तर साडेतीन लाखांपर्यंतची मागणी वार्षिक आराखड्यात येतच नाही. ती रक्कम कुणी अडवून धरली, असंही म्हणता येत नाही, कारण मागितलीच नव्हती.

विशेष शिक्षकांचंही तेच. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 मधल्या आदेशानंतर केंद्र सरकारने अशा मुलांसाठी प्रमाण ठरवलं: प्राथमिकला 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढच्या वर्गांना 15 मुलांमागे एक. पण हे गणित मांडायला आधी मुलांची संख्या लागते. कागदावर मुलंच नसतील तर शिक्षकाचं पद कशाच्या आधारावर मागणार?

शून्य खरा असू शकतो का?

एखाद्या छोट्या वस्तीशाळेत असू शकतो. पटच 18 असेल तर शून्यात काही नवल नाही. पण जरा मोठं चित्र बघू. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 2.68 कोटी दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, म्हणजे लोकसंख्येच्या 2.21 टक्के. त्या जनगणनेत अध्ययन अक्षमता वेगळी विचारलीच नव्हती. समजा आपल्या केंद्रातल्या सगळ्या शाळांचा मिळून पट 1500 आहे. 2 टक्के धरले तरी 30 मुलं होतात. नोंद 6 मुलांची असेल, तर बाकीची मुलं गावात नाहीत, की शाळेत नाहीत, की वर्गात असूनही आपल्याला ओळखता आलेली नाहीत, हे तीन प्रश्न विचारायलाच हवेत. 30 हा काही पूर्ण करायचा उद्दिष्टाचा आकडा नाही. तो फक्त अंदाज आहे, शोध सुरू करण्यापुरता.

कायदाही बदललाय. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते 21 झाले. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, सिकलसेल हे सगळे त्यात आहेत. याच कायद्याच्या कलम 17 मध्ये शाळेत जाणाऱ्या मुलांचं दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायला सांगितलं आहे. त्यात मुलं नुसती मोजायची नाहीत. त्यांच्या गरजा कोणत्या आणि त्या कितपत भागतात, हेही बघायचं आहे.

आकड्यांना विचारायचे पाच प्रश्न

यु-डायसचा 11 अंकी क्रमांक माहीत असला की शाळेच्या सुविधांची माहिती कुणालाही बघता येते. राज्याच्या अहवालात दिव्यांग मुलांची संख्या स्तरनिहाय, मुलगे-मुली अशी मिळते. केंद्र आणि तालुक्याची एकत्रित संख्या गट साधन केंद्राकडे असते. ती हातात आली की हे बघा:

1. शेजारच्या केंद्राशी तुलना. सारखाच पट, सारखीच वस्ती, तरी एका केंद्रात 25 आणि दुसऱ्यात 4 असं का? बहुतेक वेळा फरक मुलांमध्ये नसतो, शोधणाऱ्यात असतो.

2. प्रकार कोणते? फक्त डोळ्यांना दिसणारं अपंगत्व नोंदलेलं असेल, तर ऐकू कमी येणारी, मंददृष्टी आणि अध्ययन अक्षमता असलेली मुलं 'अभ्यासात कच्ची' या नावाखाली मागच्या बाकावर बसलेली असणार. गडचिरोली, नंदुरबारसारख्या सिकलसेलचं प्रमाण जास्त असलेल्या भागात त्या प्रकारात एकही नोंद नसेल, तर सतत गैरहजर राहणाऱ्या मुलांची यादी पुन्हा काढून बघा.

3. मुली किती? मुलग्यांच्या मानाने मुली फारच कमी दिसत असतील, तर त्या घरी बसल्यात का ते आधी बघावं लागेल.

4. पाचवीनंतर, आठवीनंतर काय? पाचवीत 12 मुलं आणि नववीत 3 दिसत असतील, तर मधल्या टप्प्यावर वाट अडली आहे. पुढची शाळा लांब आहे, गाडी नाही, की प्रवेशच टाळला गेला?

5. सुविधा आणि मुलं जुळतात का? रॅम्प एका शाळेत आणि चाकाची खुर्ची वापरणारं मूल दुसऱ्या शाळेत, असं होता कामा नये. आणि रॅम्प 'आहे' लिहिलंय, तर त्याला कठडा आहे का? स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची आत जाते का?

प्रमाणपत्राची वाट

न्याय-अन्यायाचा खरा फरक इथे पडतो. महाराष्ट्राने 1996 मध्येच अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या. पण तपासणीची सोय आधी मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांत झाली. ज्या पालकांना ही संज्ञा माहीत होती, रजा काढून चार-चार हेलपाटे घालता येत होते, त्यांच्या मुलांना जादा वेळ मिळाला. ऊसतोड मजुराच्या मुलाला तीच अडचण असते, पण त्याला 'ढ' म्हणतात आणि तो सातवीत शाळा सोडतो. म्हणून कोणत्या तालुक्यातून किती प्रमाणपत्रं निघतात, हा आकडा जाहीर व्हायला हवा. जिथे आकडा लाजिरवाणा असेल, तिथे तपासणी शिबिर आधी लावा.

अमेरिकेतलं उलटं उदाहरण

तिथे 1975 पासून विशेष शिक्षणाचा कायदा आहे आणि राज्यांना मुलांची आकडेवारी वंशानुसार द्यावी लागते. त्या आकड्यांतून दिसलं की कृष्णवर्णीय मुलांना बौद्धिक अक्षमतेचा शिक्का प्रमाणापेक्षा जास्त मारला जातोय. 2004 च्या सुधारणेनंतर ज्या जिल्ह्यात अशी मोठी तफावत आढळते, त्याला विशेष शिक्षणाच्या केंद्रीय निधीतला 15 टक्के भाग मुलांना लवकर मदत करण्यासाठी बाजूला ठेवावा लागतो. आपला त्रास वेगळा आहे. तिथे काही मुलं जास्त मोजली गेली, इथे मोजलीच जात नाहीत. पण घेण्यासारखं एकच: आकड्यात तफावत दिसली की पुढे काहीतरी करणं बंधनकारक असावं. आपल्याकडे आकडा वर जातो आणि तिथेच राहतो.

'अजून एक काम?'

ही तक्रार रास्त आहे. ऑनलाइन कामांनी शिक्षक बेजार झालाय आणि मीही त्यातलीच एक. म्हणून नवीन फॉर्म नको, हेच माझं म्हणणं. भरलेली माहिती आपल्यालाच वाचायला मिळावी. केंद्राच्या शिक्षण परिषदेत महिन्यातून अर्धा तास हा तक्ता फळ्यावर मांडला तरी पुष्कळ आहे.

दुसरी भीती शिक्का बसण्याची. ती खोटी नाही. निदान करणं आपलं काम नाही, ते डॉक्टरांचं. एनसीईआरटीच्या 'प्रशस्त' ॲपमध्येही वर्गशिक्षकाने फक्त प्राथमिक निरीक्षणं नोंदवायची असतात, पुढची पायरी विशेष शिक्षकांची. पालकांशी बोलल्याशिवाय काही लिहू नका. "तुमच्या पोरात दोष आहे" असं म्हणण्यापेक्षा "ताई, याला फळ्यावरचं नीट दिसत नसावं, एकदा तपासून घेऊ या का?" असं विचारलं तर आई ऐकून घेते.

तिसरी गोष्ट गोपनीयतेची. शाळेत एकच मूल असेल तर 'इयत्ता चौथी, स्वमग्नता, 1' एवढं छापलं तरी सगळ्या गावाला मूल कळतं. म्हणून जाहीर आकडे केंद्र किंवा तालुका पातळीचेच असावेत. नावांची यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर अजिबात टाकू नये.

या महिन्यात करता येईल असं

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या सभेत त्यांच्यासमोर तीनच ओळी ठेवा: आपला पट किती, नोंद झालेली विशेष गरजा असणारी मुलं किती, आणि त्यातल्या किती जणांना भत्ता, साहित्य किंवा विशेष शिक्षकाची भेट खरोखर मिळाली. नावं घेऊ नका, आकडेच सांगा. तिसऱ्या ओळीतला आकडा कमी असेल तर तसा ठराव करून गटशिक्षणाधिकारी साहेबांकडे पाठवा. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. आवक क्रमांक पडलेल्या पत्राला उत्तर द्यावं लागतं.

आणि पुढच्या वर्षी त्या रकान्यात 'नाही' निवडण्याआधी हजेरीपत्रक उघडा. एकेका नावावर बोट ठेवून विचारा: याला ऐकू येतं? हिला दिसतं? हा वाचताना का अडतो? ही महिन्यातून आठ दिवस कुठे असते? एवढं करूनही शून्यच आला, तर तो खुशाल लिहा.