पुढच्या वर्षी आमची पाळी

दिवाळी आली, की आमचे चोपडा गाव चार दिवसांपुरते तरुण होते. पुण्याला, नाशिकला, सुरतेला शिकायला गेलेली मुले एस.टी.तून उतरतात आणि ओट्याओट्यांवर गप्पांचे फड जमतात. अशाच एका संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. लष्करात अधिकारी होण्याचे शिक्षण घेतो आहे. पाठ ताठ, केस बारीक कापलेले, बोलणे मोजके. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शेतकऱ्याचा हा मुलगा. त्याला पाहून या मास्तराची छाती उगाचच फुगली.

फराळाचे ताट पुढे ठेवताना आमच्या सौभाग्यवतींचे लक्ष त्याच्या हातांकडे गेले. "अरे, कोपरं कशानं सोलली ही?"

"काही नाही काकू, रगडा!" तो हसला.

आपल्याला रगडा ठाऊक तो पॅटिसबरोबरचा. कॅडेट मंडळींच्या बोलीत रगडा म्हणजे अंग मोडून काढणारी शिक्षा. रात्री दोन वाजता उठवून खरखरीत जमिनीवर कोपरांनी सरपटायला लावले होते. लावणारे कोणी शिक्षक नव्हते. एक वर्ष आधी आलेली मुले होती.

"तुमच्या साहेबांना हे ठाऊक नसतं?" मी विचारले.

"असतं सर. पण ते त्या वेळी तिकडे फिरकत नाहीत." आणि चकलीचा तुकडा मोडत तो सहज म्हणाला, "असू द्या. पुढच्या वर्षी आमची पाळी!"

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण हेच वाक्य मीही एकदा उच्चारले होते.

१९९९ साली मी कॉलेजच्या वसतिगृहात 'सीनियर' झालो. आदल्या वर्षी मला जे भोगावे लागले, त्याची वसुली करायची होती. नव्या मुलांत पहाडातल्या पाड्यावरून आलेला एक मुलगा होता. आम्ही त्याला टेबलावर उभे केले आणि त्याच्या घरच्या पावरी बोलीत भाषण करायला लावले. त्याच्या प्रत्येक शब्दाला आम्ही हसलो. समोरच रेक्टरांच्या खोलीत दिवा जळत होता. आमचा गोंधळ तिथपर्यंत पोचतच होता. दार उघडले नाही. पाचव्या दिवशी तो मुलगा आपली पत्र्याची पेटी घेऊन निघून गेला. पुढे मी भाषेचा प्राध्यापक झालो. बोलीभाषेचे वैभव वर्गात शिकवताना आजही ती पेटी डोळ्यांपुढे येते.

याच वर्षी महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा झाला होता. त्यात अपराध्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. पण मला त्यातले दुसरे कलम अधिक मोलाचे वाटते. तक्रार येऊनही जो संस्थाप्रमुख चौकशीत हयगय करतो, त्याने त्या गुन्ह्याला साहाय्य केले, असे हा कायदा मानतो. म्हणजे बंद दारामागचा दिवाही आरोपीच!

कोणी म्हणेल, सैनिक का गादीवर घडतो? मुळीच नाही. ओझे पाठीवर घेऊन धावावे, उपाशी राहावे, थंडीत कुडकुडावे. रणांगणावर याहून वाईट वाट्याला येते. पण कष्ट आणि छळ यांतला फरक ओळखणे अवघड नाही. कष्ट दिवसाढवळ्या, नेमून दिलेल्या माणसाकडून, हिशेबाने दिले जातात. कोणी कोसळला तर जाब कोणाला विचारायचा, ते ठाऊक असते. छळाला अंधार लागतो आणि त्याला धनी नसतो. आपल्या १९५० च्या लष्करी कायद्याच्या ४७ व्या कलमात हाताखालच्या माणसाला वाईट वागवणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. हिंदी सैन्यातली फटक्यांची शिक्षासुद्धा १९२० साली गेली, आणि सैन्याची शिस्त त्यामुळे ढासळली नाही.

अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात १८९९ साली डग्लस मॅकआर्थर नावाचा तरुण दाखल झाला. वरच्या वर्गांतल्या मुलांनी त्याचेही अतोनात हाल केले. तिथल्या छळाची पुढे अमेरिकन काँग्रेसने चौकशी केली, तेव्हा त्याचीही साक्ष झाली. १९१९ साली तोच त्या विद्यालयाचा प्रमुख होऊन परतला. वसुलीची केवढी संधी! त्याने मात्र नव्या मुलांचे पहिले शिक्षण वरच्या वर्गांच्या हातून काढून घेतले आणि नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे सोपवले. जुने लोक खवळले. १९२२ मध्ये तो गेल्यावर पुष्कळसे पूर्ववत झालेही. एका माणसाच्या सद्बुद्धीवर अशी सुधारणा टिकत नाही. तिचा नियम व्हावा लागतो.

तो नियम काय असावा? नव्यांना एका वर्षाने मोठ्या असलेल्यांच्या एकट्याच्या ताब्यात देऊ नये. ताज्या जखमेचा माणूस वैद्य म्हणून नेमू नये. शिक्षा द्यायची ती अधिकाऱ्याने, लेखी नोंद करून. प्रकरण उघडकीस आले, तर सगळ्या तुकडीला एकदम दंड करू नये. तसे केले की छळणारा सुटतो आणि तोंड उघडणारा सर्वांचा वैरी ठरतो. आणि मुलांबरोबर, ज्याने जागे राहायला हवे होते त्या अधिकाऱ्यालाही जबाबदार धरावे.

चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना शिवाजीमहाराजांनी लिहिलेले पत्र मी दरवर्षी शिकवतो. रात्री दिवा जळता राहिला, तर उंदीर वात पळवील आणि गवताच्या गंजी पेटतील, इथवर त्यात बजावले आहे. राजाला उंदराची वात दिसते. मग बराकीतली रात्र साहेबांना का दिसू नये?

निरोप घ्यायला तो विद्यार्थी आला, तेव्हा मी त्याला त्या पत्र्याच्या पेटीची हकीकत सांगितली. आजवर ती मी घरातही कोणाला सांगितली नव्हती. तो बराच वेळ गप्प राहिला. "त्याचं पुढे काय झालं, सर?"

"ठाऊक नाही. मी कधी शोधलंच नाही."

त्याने वाकून नमस्कार केला आणि "येतो सर" म्हणून तो निघाला. या वेळी हसला मात्र नाही. पुढच्या वर्षी पाळी त्याचीच आहे. ती कशाची ठरते, हे पुढच्या दिवाळीला त्याला फराळाला बोलावून विचारणार आहे.