डबा कितीला, ते आधी सांग!

‘साइट कसली कडक झालीये!’ असं ग्रुपवर सगळ्यांनी लिहिलं, आगीचे इमोजी पडले आणि त्यानंतरच्या पंधरा दिवसांत डब्याच्या चौकशा निम्म्यावर आल्या. साइट मीच केली होती, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

माझ्या दोन मित्रांचा छोटासा स्टार्टअप आहे. पुण्यात कर्वेनगर भागात घरी स्वयंपाक करून डबे देणाऱ्या काकू एकीकडे, हॉस्टेल-पीजीत राहणारी पोरं दुसरीकडे, आणि मधे हे दोघं. त्यांची जुनी साइट म्हणजे पिवळ्या रंगाची पाटीच होती. हाताने लिहिलेल्या मेनूचा फोटो, खाली दर आणि फोन नंबर. मी डिझाइन शिकते, त्यामुळे ‘तूच करून दे ना’ हे ओघानं आलंच. ‘किती गावठी आहे हे’ असं म्हणत मी कामाला लागले.

काळ्या-जांभळ्या ग्रेडियंटवर ‘रीइमॅजिनिंग होम फूड’ अशी टॅगलाइन टाकली. वर स्टॉक फोटो, त्यात लाकडी वाडग्यात अॅव्होकाडो. मेनू तीन रेघांच्या आयकॉनमागे गेला, दर ‘प्लॅन्स एक्सप्लोर करा’ या बटणामागे, आणि ते दाबलं की आधी नाव आणि नंबर भरा. डबे बनवणाऱ्या एका काकूंनी फोनवर पाहून विचारलं, ‘ही कुठली भाजी गं? आपण तर ही देत नाही.’ तेव्हा आम्ही हसलो होतो. याच काकूंनी ‘नवी साइट आली की ऑर्डरी वाढतील’ या आमच्या शब्दावर मोठा कुकर आणि चाळीस नवे डबे घेतले होते. पंधरा दिवसांनी त्यातले बरेचसे फडताळात पालथे पडून होते. मग हसू आलं नाही.

मला वाटतं, आपण रीडिझाइन गिऱ्हाइकासाठी करतच नाही. इन्स्टावर टाकायला आणि पोर्टफोलिओत लावायला करतो. मी तरी तेच केलं.

शेवटी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये पाच ज्युनिअर्सना गाठलं. ‘तुमच्याच फोनवर ही साइट उघडा आणि उद्यापासून डबा सुरू करा,’ एवढंच सांगायचं आणि आपण गप्प बसायचं. वापरणाऱ्या पाचच जणांना नीट पाहिलं तरी साइटच्या बहुतेक अडचणी दिसतात, असं जेकब निल्सन यांनी २००० साली लिहून ठेवलंय. गप्प बसणं किती अवघड असतं, ते तेव्हा कळलं. पहिल्याने बराच वेळ स्क्रोल करून विचारलं, ‘हे हॉटेल आहे का?’ दुसरीचं पान उघडेचना. कॅन्टीनमध्ये रेंजची बोंब आणि माझा तो अॅव्होकाडो सहा एमबीचा. तिसऱ्याने फॉर्म पाहून ‘नंबर दिला की रोज कॉल येणार’ म्हणत फोन खिशात टाकला. चौथीला एकच गोष्ट हवी होती : रविवारी रात्री डबा मिळतो का? पुण्यात मेसवर जेवणारं प्रत्येक पोरगं हा प्रश्न विचारतं आणि माझ्या अख्ख्या साइटवर त्याचं उत्तर नव्हतं. पाचवा म्हणाला, ‘मस्त आहे.’ डबा त्यानेही लावला नाही.

हे फक्त आमच्यासारख्या नवख्यांचं होतं असंही नाही. अमेरिकेत ट्रॉपिकाना ज्यूसने २००९च्या जानेवारीत खोक्यावरचं स्ट्रॉ खोचलेलं संत्रं काढलं आणि तिथे ज्यूसचा ग्लास आणला. दिसायला स्वच्छ, मॉडर्न. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि कंपनी जुन्या खोक्यावर परतली. रोज ज्या चित्राकडे आपोआप हात जायचा, ते चित्रच फळीवरून गायब झालं होतं. आमची पिवळी पाटी तशीच तर नव्हती ना, असं मला आता वाटतं.

उलटं उदाहरणही त्याच वर्षाचं आहे. एअरबीएनबी तेव्हा जेमतेम तग धरून होती. न्यूयॉर्कमधल्या घरांचे फोटो इतके वाईट होते की तिथे राहावंसं कुणाला वाटेना. संस्थापक भाड्याचा कॅमेरा घेऊन स्वतः त्या घरांमध्ये गेले आणि नीट फोटो काढून आले. आठवड्याची कमाई २०० डॉलरवरून ४०० वर गेली. लोकांना घर नीट दिसलं, बस.

पोस्टर्सची कथा वेगळी. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये सेटिंग न बदलता मराठी टाइप केलं तर जोडाक्षरं तुटायची, वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसायची. ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हा पर्याय निवडला की काम व्हायचं, पण तेवढं कोण शोधणार? मुक्त, बलू असे एक टाइपचे सुंदर देवनागरी फॉन्ट गूगलवर फुकट आहेत. तरीही डब्याची जाहिरात आपण इंग्रजीत करतो, आणि तीही काळ्यावर बारीक राखाडी अक्षरांत. भर दुपारी बसस्टॉपवर उभं राहून वाचून बघा ती.

यावर आमचं एक खरंखुरं भांडण झालं. चौकशा घसरल्यावर एक मित्र म्हणाला, ‘फक्त ३ डबे शिल्लक’ असा टायमर लावू, सगळेच लावतात. सगळे लावतात हे खरंय. पण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३मध्ये असे १३ ‘डार्क पॅटर्न’ ठरवून दिलेत आणि खोटी घाई त्यात आहे. कायदा बाजूला ठेवला तरी जो माणूस रोज दोन वेळा तुमच्या हातचं खाणार, त्याच्याशी पहिल्याच दिवशी खोटं बोलायचं? मी नाही म्हटलं. दोन दिवस अबोला होता.

आता साइटवर सगळ्यात वर दर आहे. त्याखाली आजची भाजी, डबा कुठल्या भागात मिळतो ते, आणि ‘रविवारी रात्री सुट्टी’. एक व्हॉट्सअॅपचं बटण आहे. फोटो काकूंच्या ओट्यावर खिडकीच्या उजेडात काढलेत आणि वजनाने हलके केलेत. पिवळा रंग परत आणला. चौकशा पूर्वीच्या आकड्यावर आल्या, थोड्या वरच. अर्थात तेव्हाच नवीन सेमिस्टरही सुरू झालं होतं, त्यामुळे सगळं श्रेय माझं नाही. काकूंचे सात-आठ डबे अजून रिकामे आहेत.

माझ्या पोर्टफोलिओत मात्र ती जांभळी साइटच आहे. परवा इंटर्नशिपच्या मुलाखतीत तिचं फार कौतुक झालं. मी मग त्यांना चौकशांचा आकडा सांगितला, पिवळी साइटही उघडून दाखवली. ‘कळवतो’ म्हणालेत.